एका पत्रात तीन औषधं, आणि तिन्हींना एकच नकार: मेनोपॉजच्या हार्मोन उपचाराचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण इंग्लंडमधलं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. बाईंना इथे मीनाताई म्हणू. वय ५१, शाळेत नोकरी, शेवटची पाळी येऊन चौदा महिने झालेले. दिवसातून दहा-बारा वेळा अंगातून भडका उठायचा, मानेवरून घाम निथळायचा. रात्री तीनदा तरी पांघरूण फेकून उठावं लागायचं. सांधे आखडलेले, झोप मोडल्यामुळे दिवसभर डोकं जड. कामेच्छाही वर्षभरात जवळजवळ मावळली होती, पण ते त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं आणि जीपीला, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरलाही नाही. ही गोष्ट पहिल्यांदा बाहेर आली ती पुढे खासगी तज्ज्ञाने भरून घेतलेल्या प्रश्नावलीत.

गर्भाशय शाबूत. रक्तदाब ठीक. रक्ताची गुठळी कधी झालेली नाही, जवळच्या नात्यात स्तनाचा कर्करोग नाही. एक गोष्ट मात्र होती: तिशीपासूनची अर्धशिशी, आणि तीही ऑराची. डोकं दुखायच्या आधी वीसेक मिनिटं डोळ्यांसमोर चमकती नागमोडी रेघ सरकत जायची. पूर्वी कधीतरी त्यांनी गर्भनिरोधक गोळी मागितली होती. तेव्हा ‘ऑरासह मायग्रेन, इस्ट्रोजेन देऊ नये’ अशी नोंद त्यांच्या रेकॉर्डमध्ये झाली. गोळीपुरतं ते बरोबरच होतं. पण नोंदीत ‘गोळी’ हा शब्द नव्हता, आणि पुढच्या सगळ्या गुंत्याचं मूळ त्या एका गाळलेल्या शब्दात आहे.

पहिला नकार

पहिली भेट फोनवर झाली, दहा मिनिटांची. डॉक्टरांनी आधी एफएसएचची (पाळी थांबत आली की रक्तात वाढणाऱ्या हार्मोनची) तपासणी सांगितली. तिची गरज नव्हती. डॉक्टरांसाठी उपचारांचे निकष ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेच्या मेनोपॉजवरच्या मार्गदर्शक सूचना नोव्हेंबर २०१५ मध्ये आल्या आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सुधारल्या गेल्या. त्यांनुसार पंचेचाळिशी उलटलेल्या बाईला नेहमीची लक्षणं असतील तर लक्षणांवरूनच निदान करायचं असतं. या तपासणीत तीन आठवडे गेले.

दुसऱ्या फोनवर दुसरे डॉक्टर होते. त्यांनी स्क्रीनवरची जुनी नोंद वाचली, इस्ट्रोजेन चालणार नाही म्हणाले आणि कमी डोसचं अँटीडिप्रेसंट सुचवलं. फक्त घामाच्या लाटांसाठी हे पहिलं औषध म्हणून सर्रास देऊ नये, असं त्याच सूचना सांगतात.

ऑरावाल्या बाईला संयुक्त गोळी देत नाहीत, कारण त्या गोळीत सहसा इथिनिलइस्ट्रॅडिओल हे जोरकस कृत्रिम इस्ट्रोजेन असतं आणि त्याने पक्षाघाताचा धोका वाढतो. मेनोपॉजच्या पॅचमध्ये शरीरात तयार होतं तेच इस्ट्रॅडिओल असतं, अगदी थोड्या प्रमाणात. ते कातडीतून जातं, यकृतातून आधी जात नाही, त्यामुळे नेहमीच्या डोसला गुठळीचा धोका वाढत नाही. म्हणून ऑरा ही पॅचला मनाई ठरत नाही. उलट तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनमुळे पातळी वरखाली होऊन अर्धशिशी बिघडू शकते, म्हणून अशा बायकांना पॅचच सुचवतात. हा फरक मेनोपॉजवर काम करणाऱ्यांना तोंडपाठ असतो. दहा मिनिटांत तीन तक्रारी उरकणाऱ्या डॉक्टरांना तो ऐन वेळी आठवेलच असं नाही.

तज्ज्ञांचं पत्र

एनएचएस म्हणजे तिथली सरकारी आरोग्यसेवा. तिच्या मेनोपॉज क्लिनिकची रांग अनेक महिन्यांची होती, म्हणून मीनाताई पदरचे पैसे घालून खासगी तज्ज्ञांकडे गेल्या. तपासणी नीट झाली, सल्लाही योग्य होता. इस्ट्रॅडिओल पॅच ५० मायक्रोग्रॅम, आठवड्यातून दोनदा बदलायचा. प्रोजेस्टेरॉनची १०० मिलिग्रॅमची कॅप्सूल रोज रात्री. गर्भाशय असलेल्या बाईला नुसतं इस्ट्रोजेन दिलं तर आतलं अस्तर वाढत जातं आणि कर्करोगाचा धोका निर्माण होतो, म्हणून ही कॅप्सूल पर्यायी नसते. तिसरं औषध टेस्टोस्टेरॉन जेल, दिवसाला ५ मिलिग्रॅम, म्हणजे पुरुषांसाठी बनवलेल्या ४०.५ मिलिग्रॅमच्या पाकिटाचा साधारण आठवा हिस्सा. तीन महिन्यांची औषधं तिथेच लिहून मिळाली.

पॅच लावल्यावर तिसऱ्या आठवड्यात रात्रीचा घाम निम्म्यावर आला. अर्धशिशी वाढली नाही. अडलं ते तज्ज्ञांनी जीपीला पाठवलेल्या पत्रात. त्याचा मजकूर साधारण असा: ‘आपल्या रुग्णाला इस्ट्रॅडिओल पॅच ५०, प्रोजेस्टेरॉन १०० आणि टेस्टोस्टेरॉन जेल सुरू केले आहे. कृपया पुढे चालू ठेवावे.’

दोन ओळी. मायग्रेनचा उल्लेख नाही, कोणतं औषध का दिलं ते नाही, किती वेळा ते नाही, पुढची तपासणी कधी आणि कुणी करायची तेही नाही. आठवड्याभरात मीनाताईंच्या फोनवर जीपीच्या क्लिनिकचा मेसेज आला: ‘खासगी तज्ज्ञांची प्रिस्क्रिप्शन्स आमचं क्लिनिक पुढे चालवत नाही.’ तेव्हा त्यांच्याकडे पाच आठवड्यांचे पॅच उरले होते.

नकार नेमका कशाला

रागाच्या भरात हा नकार ‘जीपी ऐकतच नाही’ असा वाटतो. तो सुटा करून पाहिला तर त्यात तीन वेगळे प्रश्न एकाच गाठोड्यात बांधलेले दिसतात.

पॅच आणि प्रोजेस्टेरॉन ही जीपीच्या रोजच्या लिखाणातली औषधं आहेत. त्यांना तज्ज्ञाची शिफारसही लागत नाही. बाई खासगी डॉक्टरकडे जाऊन आली म्हणून तिचा एनएचएसवरचा हक्क जात नाही. ती गरज जीपीला स्वतःला पटली तर तो एनएचएसवर लिहून देऊ शकतो. इथे अडथळा फक्त त्या जुन्या नोंदीचा होता.

टेस्टोस्टेरॉनची गोष्ट निराळी. पत्रातलं जेल पुरुषांसाठी परवाना असलेलं, म्हणजे बाईला ते परवान्याबाहेर जाऊन द्यायचं. वर ते नियंत्रित औषधांच्या शेड्यूल ४ मध्ये येतं. ‘नाइस’च्या सूचनांनुसार त्याचा विचार करता येतो, पण केव्हा? हार्मोन उपचार देऊनही कामेच्छा कमीच राहिली तर. थकवा, विसरभोळेपणा किंवा ‘अंगात दम नाही’ यांसाठी नाही. शिवाय सुरू करण्याआधी रक्तातली टेस्टोस्टेरॉनची पातळी बघावी लागते, मग काही आठवड्यांनी पुन्हा, आणि सहा महिन्यांत फरक पडला नाही तर औषध थांबवायचं असतं. मीनाताईंना ते पॅचबरोबर पहिल्याच दिवशी दिलं गेलं होतं. पॅचने काय साधतं हे बघायला वेळच दिला नव्हता.

आणि तिसरा प्रश्न जबाबदारीचा. ब्रिटनमध्ये प्रिस्क्रिप्शनवर ज्याची सही, जबाबदारी त्याची. ‘तज्ज्ञांनी सांगितलं होतं’ ही ढाल तिथे चालत नाही. एखादं औषध आपल्या आवाक्याबाहेरचं वाटत असेल तर जीपी नकार देऊ शकतो, आणि तज्ज्ञाबरोबर ‘शेअर्ड केअर’चा, म्हणजे उपचाराची जबाबदारी वाटून घेण्याचा, करार करायचा की नाही हेही त्याच्या मर्जीवर असतं. दोन ओळींच्या पत्रावर सही न करणारा डॉक्टर आडमुठा म्हणता येणार नाही. चूक अशी झाली की टेस्टोस्टेरॉनसाठीचा रास्त नकार उरलेल्या दोन साध्या औषधांनाही लागू झाला, तोही डॉक्टरांनी पत्र नीट वाचण्याआधी.

समोर असलेले मार्ग

खासगी तज्ज्ञांकडेच औषधं चालू ठेवणं हा सोपा मार्ग, पण हा उपचार वर्षानुवर्षं चालतो आणि दर वेळी फी, वर औषधांचे पूर्ण पैसे. पहिल्या संकटाला हे चालेल, कायमचं नाही.

जीपी बदलणं शक्य होतं, इंग्लंडमध्ये तो हक्क आहे. पण रेकॉर्ड नव्या ठिकाणी जातं आणि त्याबरोबर ती नोंदही जाते. नवे डॉक्टर तीच ओळ वाचणार.

प्रॅक्टिस मॅनेजरकडे लेखी तक्रार करावी असं घरच्यांचं मत होतं. तक्रारीला उत्तर मिळतं, समाधान झालं नाही तर पुढे ऑम्बड्समनकडे, म्हणजे तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याकडेही जाता येतं. मात्र तक्रारीने कुणाला सही करायला लावता येत नाही, आणि पाच आठवड्यांत तर नाहीच. हा मार्ग शिल्लक ठेवला.

एनएचएस क्लिनिकची रांग धरून थांबायचं, तर मधल्या काळात औषध बंद. लाटा परत येणार.

शेवटी ठरलं ते असं: गाठोडं सोडायचं, प्रत्येक औषधाची वेगळी मागणी करायची, आणि त्याआधी पत्र दुरुस्त करून घ्यायचं.

काय केलं

पहिलं काम, नकाराचं कारण लेखी मागणं. ऑनलाइन फॉर्मवर मीनाताईंनी चारच ओळी लिहिल्या: तीनही औषधांपैकी कोणतं नाकारलं आहे, प्रत्येकाचं कारण काय, आणि क्लिनिकचं धोरण असेल तर ते कुठे वाचता येईल. तीन दिवसांनी क्लिनिकच्या फार्मासिस्टचं उत्तर आलं. टेस्टोस्टेरॉनबद्दल धोरण होतं. पॅचबद्दल ‘मायग्रेनमुळे’ एवढंच. प्रोजेस्टेरॉनबद्दल काहीच नाही. आक्षेप कुठे आहे ते आता कागदावर आलं.

मग स्थानिक औषधयादी. प्रत्येक इंटिग्रेटेड केअर बोर्डाची (त्या भागातल्या एनएचएसचा कारभार बघणाऱ्या मंडळाची) यादी इंटरनेटवर खुली असते आणि बहुतेक ठिकाणी ती सिग्नलच्या रंगांत असते: हिरवं म्हणजे जीपीने सुरू करायचं, पिवळं म्हणजे तज्ज्ञाने सुरू करून जीपीने पुढे न्यायचं, लाल म्हणजे रुग्णालयातूनच. त्यांच्या भागात पॅच आणि प्रोजेस्टेरॉन हिरव्यात होते, टेस्टोस्टेरॉन पिवळ्यात. यादी गावोगावी वेगळी असते, म्हणून मैत्रिणीला शेजारच्या शहरात मिळालं हा युक्तिवाद इथे उपयोगाचा नसतो.

दुसरं पत्र मागताना त्यांनी तज्ज्ञांच्या सेक्रेटरीला काय हवं ते मुद्देसूद लिहून दिलं. नवं पत्र एका पानाचं आलं आणि त्यात हे होतं: निदान आणि शेवटच्या पाळीचा महिना, गर्भाशय आहे ही गोष्ट, प्रत्येक औषधाचं जेनेरिक नाव, ताकद, मार्ग, किती वेळा, रक्तदाब आणि वजन, ऑराचा सविस्तर उल्लेख आणि त्याखाली एक स्वतंत्र वाक्य, की जुनी मनाई संयुक्त गर्भनिरोधक गोळीपुरती आहे, कातडीतून द्यायच्या इस्ट्रॅडिओलला ती लागू नाही, तीन महिन्यांनी आणि नंतर दरवर्षी काय तपासायचं, अनपेक्षित रक्तस्राव झाला तर काय करायचं, आणि शंका आल्यास फोन कुठे करायचा. टेस्टोस्टेरॉन वेगळ्या पत्रात गेलं. ही फाळणी सगळ्यात कामाची ठरली. एका पत्राला ‘नाही’ म्हटलं तरी दुसरं जिवंत राहतं.

त्यांनी घरी सात दिवस सकाळ-संध्याकाळ दोन-दोनदा रक्तदाब मोजून लिहून ठेवला. पॅच लावण्याआधीच्या आणि नंतरच्या अर्धशिशीच्या तारखा कॅलेंडरवरून उतरवल्या: आधीच्या तीन महिन्यांत दोन, नंतरच्या दोन महिन्यांत एक. आकडे एवढेसे, पण डॉक्टरांना हवे होते तेच.

वीस मिनिटं

रिसेप्शनवर त्यांनी डबल अपॉइंटमेंट मागितली, आणि क्लिनिकमध्ये बायकांच्या आरोग्यात लक्ष घालणाऱ्या कोणी डॉक्टर आहेत का हेही विचारलं. होत्या. फक्त मंगळवारी.

आत गेल्यावर मीनाताई म्हणाल्या, “आज मी फक्त पॅच आणि प्रोजेस्टेरॉनबद्दल बोलायला आले आहे. टेस्टोस्टेरॉनचं नंतर बघू.” डॉक्टरांनी दुसरं पत्र वाचलं, जुनी नोंद उघडली आणि स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. नोंद खरोखरच एका ओळीची होती. तरीही त्यांची पूर्ण खात्री होईना, आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितलं. मग मधला रस्ता निघाला. उपचारात खंड पडू नये म्हणून २८ दिवसांचे पॅच आणि कॅप्सूल लिहून दिल्या, आणि ‘अ‍ॅडव्हाइस अँड गायडन्स’मधून एनएचएसच्या तज्ज्ञांना लेखी प्रश्न पाठवला. या सोयीत रुग्णाला रांगेत उभं न करता जीपीला सल्ला मिळतो. अशी सोय आहे हे रुग्णांना सहसा कोणी सांगत नाही. ‘माझ्याबद्दल तिथे विचारून बघाल का?’ एवढं म्हणता येतं.

नऊ दिवसांत उत्तर आलं. पॅच चालेल, लक्षणं आवरतील तेवढाच डोस ठेवावा. ऑरा वाढला किंवा त्याचं रूप बदललं तर परत कळवावं. अंगाची एक बाजू लुळी पडणं किंवा बोलणं अडखळणं यांना ऑरा न समजता थेट ९९९ या आणीबाणीच्या नंबरवर फोन.

कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असतं. मीनाताई शाकाहारी, हे त्यांना फार्मसीच्या काउंटरवर कळलं. त्यांनी विचार करून तीच चालू ठेवली. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी गर्भाशयात बसवायची हार्मोनची कॉइल किंवा दोन्ही हार्मोन असलेला पॅच हे पर्याय आहेत, पण त्यातला प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉनचं काम करणारा घटक) वेगळा असतो, म्हणून ही चर्चा आधीच व्हायला हवी.

मध्येच झालेला घोळ

सगळं सुरळीत झालं असं वाटत असताना दुसऱ्या महिन्यात फार्मसीच्या पिशवीत फक्त पॅच आले. क्लिनिकच्या संगणकात पॅच ‘रिपीट’वर, म्हणजे पुन्हा पुन्हा मागवता येणाऱ्या औषधांत, चढवला होता, प्रोजेस्टेरॉन ‘एकदाच’ म्हणून राहिलं होतं. मीनाताईंना वाटलं, डॉक्टरांनीच बंद केलं असेल. तीन आठवडे त्यांनी नुसतं इस्ट्रोजेन लावलं. मग हलका रक्तस्राव झाला आणि त्यांनी फोन केला.

नवा उपचार सुरू झाल्यावर पहिल्या सहा महिन्यांत थोडा रक्तस्राव होणं नेहमीचं आहे, त्यामुळे घाबरण्यासारखं कारण निघालं नाही. पण चूक गंभीर होती, आणि अशी चूक होण्याचं कारण अगदी साधं आहे: पॅचचं पाकीट आठांचं, म्हणजे २८ दिवसांचं, कॅप्सूलचं पाकीट तीसचं. दोन्हींच्या मागणीच्या तारखा दर महिन्याला दोन दिवसांनी सरकतात, आणि एखाद्या महिन्यात एकच मागितलं जातं. डॉक्टरांनी दोन्ही रिपीटवर घेतले आणि प्रिस्क्रिप्शनच्या सूचनेत ‘पॅचसोबतच द्यावे’ असं लिहिलं. मीनाताईंनी एनएचएस अ‍ॅपमध्ये दोन्हींवर एकत्र खूण करायची सवय लावून घेतली.

पॅच निघून येण्याचीही एक तक्रार होती. आंघोळीनंतर त्या अंगाला तेल लावायच्या आणि लगेच पॅच चिकटवायच्या. आता तो कमरेखाली, नितंबाच्या वरच्या भागात, कोरड्या कातडीवर लागतो, दर वेळी बाजू बदलून. छातीवर कधीच लावायचा नसतो.

निकाल

चार महिन्यांनी घामाच्या लाटा दिवसाला एक-दोनवर आल्या. झोप सलग पाच-सहा तास. अर्धशिशी होती तशीच.

टेस्टोस्टेरॉन क्लिनिकने घेतलं नाही. खासगी साठा संपला तेव्हा ते थांबलं, आणि तीन महिन्यांत मीनाताईंना फरकही जाणवला नव्हता. तीन महिन्यांच्या तपासणीत नर्सने मात्र सरळ विचारलं, संबंधाच्या वेळी दुखतं का? दुखत होतं. योनीमार्ग कोरडा पडला होता, आणि जिथे दुखतं तिथे इच्छा कुठून येणार? स्थानिक इस्ट्रॅडिओल, १० मायक्रोग्रॅमची योनीत ठेवायची गोळी, दोन आठवडे रोज आणि मग आठवड्यातून दोनदा, त्याच क्लिनिकने त्याच दिवशी लिहून दिली. एनएचएस मेनोपॉज क्लिनिकचं रेफरल चालूच ठेवलं. तिथे टेस्टोस्टेरॉनचा विचार पुन्हा होईल, या वेळी योग्य क्रमाने.

खर्चाचंही बघावं लागलं. इंग्लंडमध्ये १ एप्रिल २०२३ पासून हार्मोन उपचारासाठी वर्षभराचं प्रमाणपत्र मिळतं, त्याची किंमत दोन औषधांच्या प्रिस्क्रिप्शन शुल्काएवढी. मे २०२४ मध्ये एका औषधाचं शुल्क ९.९० पाउंड झालं, म्हणजे पॅच आणि कॅप्सूल एकदा घेतल्या की प्रमाणपत्राचे पैसे वसूल. टेस्टोस्टेरॉन त्यात येत नाही. मीनाताईंनी ते उशिरा, तिसऱ्या महिन्यात काढलं.

काय वेगळं करता आलं असतं

खासगी तज्ज्ञांकडे जाण्याआधी क्लिनिकला एक प्रश्न विचारता आला असता: तिथली शिफारस कोणत्या अटींवर मान्य कराल? काही क्लिनिक या अटी लेखी देतात. मग पहिलंच पत्र त्याप्रमाणे लिहून घेता येतं.

त्याहीआधी, इस्ट्रोजेन नाकारलं गेलं त्या फोनवर ‘गोळी की पॅच?’ एवढं विचारलं असतं तर खासगी भेटीची गरज पडली असती की नाही याची शंकाच आहे. पण आपल्या रेकॉर्डमध्ये काय लिहिलंय हे त्यांनी कधी वाचलं नव्हतं. अ‍ॅपमध्ये ते दिसतं, निदान गेल्या काही वर्षांचं तरी. जुनं मागावं लागतं.

तज्ज्ञांच्या बाजूनेही एक गोष्ट चुकली. तीन औषधं एकदम सुरू केली की कशाने काय झालं ते कळत नाही, आणि जीपीलाही तिन्हींचा भार एकदम दिसतो. आधी पॅच आणि प्रोजेस्टेरॉन, तीन महिन्यांनी उरलेल्या तक्रारी बघून पुढचं, असं झालं असतं तर कोरडेपणाची तक्रारही लवकर वर आली असती.

जुनी नोंद अजून रेकॉर्डमध्ये आहे. डॉक्टरांनी ती काढली नाही, कारण गोळीपुरती ती खरी आहे. त्यांनी तिच्यापुढे तीन शब्द जोडले: ‘फक्त संयुक्त गोळीसाठी’.